मालकाचे वागणे आणि मालावरचा बहिष्कार

एखाद्या कंपनीचा माल चांगला असतो, भाव परवडतो, मालाबद्दल तक्रार कशाचीच नसते. पण त्या कंपनीचा मालक, संस्थापक किंवा तिचा चेहरा बनलेला माणूस असे काही बोलतो किंवा वागतो की त्याचा माल घरात आणणे ग्राहकाला नकोसे होते. अशा वेळी अनेकांनी मिळून खरेदी थांबवणे हा बहिष्काराचा एक खास प्रकार आहे. भेसळ निघाली म्हणून तेलाचा डबा परत केला, तर राग आणि आघात दोन्ही त्या डब्यावरच असतात. इथे राग माणसावर असतो आणि आघात वस्तूवर करायचा असतो. त्या दोहोंच्या मधे किती माणसे उभी आहेत, वस्तूवरचा घाव त्या माणसापर्यंत पोचतो की वाटेतच दुसऱ्या कुणाच्या पोटावर बसतो, यावर हा बहिष्कार न्याय्य की अन्याय्य हे ठरते.

‘बॉयकॉट’ हा शब्दच मुळात एका माणसाच्या वागण्यावरून आला. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट होता. १८८० साली पीक बुडाल्यामुळे कुळांनी खंडात मोठी सूट मागितली. लॉर्ड अर्नने ती नाकारली आणि बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला पार्नेल या आयरिश पुढाऱ्याने एनिस येथील सभेत, अशा माणसाला मारू नका, फक्त त्याच्याशी सगळे संबंध तोडा, असा सल्ला दिला होता. बॉयकॉटच्या शेतावरचे मजूर निघून गेले, दुकानदारांनी माल देणे बंद केले, धोबीण येईना, लोहार येईना, टपालही पोचेना. शेवटी उत्तरेकडून पन्नास स्वयंसेवक आणून, सुमारे हजार सैनिकांच्या पहाऱ्यात त्याचे पीक काढावे लागले. सुमारे पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंडांच्या आसपास खर्च झाला. त्या डिसेंबरात कॅप्टन आयर्लंड सोडून गेला आणि त्याचे आडनाव मात्र जगभरच्या भाषांत राहिले.

मराठी माणसाला ही कल्पना आयर्लंडकडून शिकावी लागली नाही. ‘वाळीत टाकणे’ हा शब्दप्रयोग आणि ‘ग्रामण्य’ हा जातीबाहेर काढण्याचा प्रकार इथे फार जुना. ज्या वर्षांत मेयोतल्या घटनेची आठवण ताजी होती, त्याच सुमारास पुण्यात ग्रामण्याचे एक गाजलेले प्रकरण घडले. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये भाषणासाठी जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही त्या मंडळींत होते. नावे छापून आली, सनातन्यांनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली, चौकशी बसली आणि दोन वर्षे पुण्यातल्या पंक्ती, श्राद्धे, लग्ने यांत वितुष्ट आले. अखेर अनेकांनी प्रायश्चित्त घेतले. पुढाऱ्याच्या खासगी वागण्यावरून त्याला आणि त्याच्याशी संबंध ठेवणाऱ्यांना बाहेर काढण्याचा हा नमुना आहे. चहाचा पेला कोणत्या हाताने दिला, हा त्यातला ‘गुन्हा’ होता. आज हसू येईल, पण पंगतीत पान न मांडले गेलेल्या कुटुंबाला तेव्हा ती गंमत नव्हती.

म्हणूनच मराठी मुलखात, आणि विशेषतः धाराशिवसारख्या जिल्ह्यात, बहिष्कार हा शब्द उच्चारताना त्याची दोन तोंडे लक्षात ठेवावी लागतात. एक तोंड वरून खाली चावते. गाव बलवान असते आणि त्याने वाळीत टाकलेले घर दुबळे असते. दुसरे तोंड खालून वर जाते. विकत घेणारे अनेक आणि लहान असतात, ज्याच्यावर राग आहे तो एकटा पण मोठा असतो.

वरून खाली चावणाऱ्या बहिष्काराचा इतिहास या जिल्ह्याच्या मातीत खोल आहे. महार, मांग समाजांकडे गावकीची वंशपरंपरागत कामे होती. सांगावा नेणे, मेलेली जनावरे ओढणे, सरकारी अंमलदारांची सरबराई करणे अशा कामांच्या बदल्यात तुटपुंजी वतनी जमीन आणि बलुते मिळे. कुणी हे काम नाकारले की गाव एकत्र येई. शेतात काम नाही, दुकानात मीठ-मिरची नाही, दळण नाही, पाणवठा बंद. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आजच्या धाराशिव तालुक्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले, ते याच जोखडाच्या प्रश्नावर. जिल्ह्यात आजही ती भेट दरवर्षी फेब्रुवारीत आठवली जाते. वतने कायद्याने संपायला त्यानंतर अठरा वर्षे लागली. मुंबई राज्याचा कनिष्ठ गाव वतने रद्द करण्याचा कायदा १९५८ साली झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला.

आंबेडकरांनी या शस्त्राचे स्वरूप फार आधी ओळखले होते. २० मार्च १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांतच त्यांनी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ होते. गोलमेज परिषदेपुढे मांडलेल्या संरक्षणांच्या योजनेत त्यांनी सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा अशी स्पष्ट मागणी केली आणि तिचा मसुदा ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून बेतला. मारहाणीची फिर्याद तरी करता येते. बहिष्कारात कुणी अंगाला हात लावत नाही, फक्त सगळे एकदम पाठ फिरवतात. त्यामुळे तो जास्त भयंकर ठरतो, असे त्या मागणीमागचे निरीक्षण होते. ही मागणी महाराष्ट्रात पूर्णपणे कायद्यात उतरायला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ गेला. १९४९ चा मुंबई राज्याचा बहिष्कृती प्रतिबंधक कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द केला. त्यानंतर २०१६ च्या एप्रिलात विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा मंजूर केला आणि तो २०१७ च्या जुलैत अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हे स्वतंत्र गुन्हे म्हणून घातले गेले.

खालून वर जाणाऱ्या बहिष्काराचा वारसाही याच जिल्ह्यात आहे आणि तो तितकाच अभिमानाचा आहे. असहकाराच्या काळात, १९२१ साली, लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा या गावी राष्ट्रीय शाळा निघाली. सरकारी शिक्षणाला नकार द्यायचा आणि नकार देऊन मोकळे न होता स्वतःची शाळा उभी करायची, अशी ती धडपड होती. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले व्यंकटेश खेडगीकर याच शाळेत शिकवायला आले आणि हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेतृत्व तिथून घडले. ऑगस्ट १९४७ नंतर निझामाच्या राजवटीविरुद्ध लढताना कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडली, करोडगिरी नाके उठवले, लेव्हीचे धान्य द्यायला नकार दिला. शिंदीच्या झाडावर राग कुणाचाच नव्हता. पण आबकारीचा पैसा संस्थानाच्या तिजोरीचा मोठा आधार होता, आणि ज्या निझाम मीर उस्मान अली खानांच्या नावाने तेव्हा जिल्हा ओळखला जात होता त्यांच्या राजवटीपर्यंत तो पैसा थेट जात होता. घाव कुठे घालायचा हे त्या गावकऱ्यांना नेमके कळले होते. आजच्या ग्राहकाला ते तितके सहज कळत नाही.

आजचे जवळचे उदाहरण म्हणून पतंजलीचे प्रकरण घ्यावे लागते. नोव्हेंबर २०१९ मध्ये योगगुरू रामदेव यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत तमिळ समाजसुधारक पेरियार यांच्या अनुयायांवर टीका करताना ‘वैचारिक दहशतवाद’ असा शब्द वापरला आणि त्या ओघात आंबेडकरी विचार मानणाऱ्यांचाही उल्लेख आला. देशभर संताप उसळला. पतंजलीच्या मालावर बहिष्कार टाका ही हाक काही दिवस समाजमाध्यमांवर सर्वांत वर राहिली. रामदेव यांनी नंतर खुलासा केला आणि बाबासाहेबांविषयी आदर व्यक्त केला. ज्या माणसांच्या आजा-पणजांना दुकानात मीठ नाकारले गेले, त्यांच्या नातवंडांच्या हातात आता ‘आम्ही तुमचे मीठ घेणार नाही’ असे म्हणण्याची ताकद आली होती. मराठवाड्यात, जिथे आंबेडकरी चळवळ गावोगाव रुजलेली आहे, या उलथापालथीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. केवळ विक्रीचे आकडे पाहणाऱ्याच्या हाती मात्र तो लागणार नाही.

तरीही हा बहिष्कार रामदेव यांच्यापर्यंत कसा पोचणार होता, हे पाहिले की गुंता दिसतो. पतंजली आयुर्वेद ही कंपनी २००६ साली स्थापन झाली. तिचा चेहरा रामदेव असले तरी तिचे नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आचार्य बाळकृष्ण यांच्या नावावर राहिले आहेत. म्हणजे बोलणारा एक आणि कागदोपत्री मालक दुसरा. ग्राहकाच्या दृष्टीने हा फरक फार नाही, कारण माल विकला जातो तो चेहऱ्यावर. पण ‘त्याच्या खिशाला चाट’ हा बहिष्काराचा साधा हिशेब इथे सरळ लागत नाही.

दुसरा गुंता धाराशिवच्या शेतकऱ्याला अधिक जवळचा आहे. बहिष्काराची हाक गाजत होती त्याच्या पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २०१९ मध्ये, पतंजलीने दिवाळखोरीत निघालेली रुची सोया ही कंपनी सुमारे ४,३५० कोटी रुपयांना ताब्यात घेतली. न्यूट्रेला, महाकोश, रुची गोल्ड ही नावे या कंपनीची. २०२२ साली तिचे नाव पतंजली फूड्स झाले, पण डब्यांवरची जुनी नावे राहिली. ज्याने रागाने पतंजलीच्या दंतकांती टूथपेस्टची ट्यूब घेणे सोडले, त्याच्याच स्वयंपाकघरात सोयाबीनच्या वड्या किंवा तेलाच्या रूपाने तीच कंपनी बसलेली असू शकते, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. उलट बाजूने पाहिले तर या जिल्ह्याचे खरिपातले मुख्य पीक सोयाबीन. ते लातूरच्या बाजारात जाते, तिथून तेलगिरण्यांत, तिथून मोठ्या कंपन्यांकडे. कोणत्या पोत्यातले सोयाबीन कोणत्या डब्यात गेले हे शेतकऱ्याला कधीच कळत नाही. त्यामुळे एखाद्या तेल कंपनीवरचा बहिष्कार खरोखर मोठा झालाच, तर त्याची पहिली झळ कंपनीच्या प्रमुखाला लागेल की मोंढ्यातल्या भावाला, हा प्रश्न शेतकऱ्याने विचारला तर तो गैर म्हणता येत नाही.

तिसरी झळ दुकानदाराची. तालुक्याच्या गावी अशा कंपनीचे केंद्र चालवणारा किंवा आपल्या किराणा दुकानात तिचा माल ठेवणारा माणूस तो माल बहुधा रोखीने उचलतो. बहिष्काराची हाक येते तेव्हा फळीवर असलेल्या मालाचे पैसे कंपनीला आधीच पोचलेले असतात. माल पडून राहिला, मुदत संपली, तर नुकसान त्या दुकानदाराचे होते. एक-दोन महिन्यांनी तो नवी खेप मागवत नाही, तेव्हा कुठे कंपनीला पहिला धक्का बसतो. म्हणजे दोन-चार दिवस गाजणारा बहिष्कार कंपनीला स्पर्शही न करता दुकानदाराला मारून जातो. मालकाला लागायचे तर तो महिनोन्‌महिने टिकावा लागतो. हाक देणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडला पाहिजे, तो मांडला जात नाही.

मालकाचे बोलणे आणि मालाबद्दलचा दावा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणेही गरजेचे आहे. पतंजलीच्या औषधांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, २०२४ साली रामदेव आणि बाळकृष्ण यांना न्यायालयाची आणि वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. तो वाद मालाचा होता. त्यासाठी कायदा आहे, यंत्रणा आहे, आणि ग्राहकाच्या आवडीनिवडीचा तिथे प्रश्न नाही. पेरियार-आंबेडकरांबद्दलचे बोलणे हा मालाशी संबंध नसलेला, निव्वळ वागणुकीचा वाद होता.

अशा वागणुकीच्या वादातही बहिष्काराहून वेगळी वाट असू शकते, हे तीन वर्षांनी ठाण्यात दिसले. २५ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथल्या योग कार्यक्रमात रामदेव यांनी स्त्रियांच्या पेहरावाबद्दल आक्षेपार्ह विधान केले. राज्य महिला आयोगाने नोटीस काढून खुलासा मागितला आणि काही दिवसांतच त्यांची लेखी दिलगिरी आयोगाकडे आली. एका ट्यूबचीही विक्री कमी व्हायची वाट न पाहता उत्तर मिळाले, कारण विचारणारा ठरलेला होता, प्रश्न ठरलेला होता आणि मुदत ठरलेली होती. बहिष्काराची हाक देणाऱ्या हजारो लोकांकडे यांतले काहीच नसते. हा त्यांचा दोष म्हणता येत नाही, पण ही त्यांची उणीव नक्कीच आहे.

मागणी ठरलेली असण्याचे महत्त्व जगातली उदाहरणेही सांगतात. अमेरिकेतील ‘पापा जॉन्स’ या पिझ्झा कंपनीचे संस्थापक जॉन श्नॅटर यांनी २०१८ साली एका बैठकीत कृष्णवर्णीयांबद्दलचा अपशब्द उच्चारल्याचे उघड झाले. त्यांचे नाव आणि चेहरा कंपनीच्या डब्यांवर होता. ग्राहकांचा राग पाहून भागधारक आणि संचालक मंडळच हलले. श्नॅटर अध्यक्षपदावरून गेले आणि डब्यांवरून त्यांचा चेहराही गेला. इटलीतल्या बारिला या पास्ता कंपनीचे प्रमुख ग्विदो बारिला यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये रेडिओवर, आपल्या जाहिरातीत समलिंगी कुटुंब कधी दाखवणार नाही, असे म्हटले. बहिष्काराची हाक आल्यावर त्यांनी माफी मागितली आणि पुढच्या काळात कंपनीने आपली धोरणे खरोखर बदलली. दोन्ही ठिकाणी माणूस आणि कंपनी यांच्यातले अंतर कमी होते, मागणी स्पष्ट होती, आणि शेजारच्याच फळीवर दुसऱ्या कंपनीचा पिझ्झा किंवा पास्ता सहज मिळत होता.

टेस्लाचे उदाहरण इतके सरळ नाही. २०२५ च्या सुरुवातीला इलॉन मस्क अमेरिकी सरकारातल्या कामामुळे वादात सापडले, अमेरिका आणि युरोपात टेस्लाच्या दालनांपुढे निदर्शने झाली आणि वर्षाच्या पहिल्या तिमाहीत कंपनीने ३,३६,६८१ गाड्या दिल्या. आदल्या वर्षीच्या तुलनेत ही घट सुमारे १३ टक्के होती. बहिष्कार यशस्वी झाला असे पुष्कळांनी म्हटले. पण त्याच तिमाहीत कंपनी आपल्या सर्वाधिक खपाच्या गाडीचे नवे रूप बनवण्यासाठी कारखाने बदलत होती आणि चिनी गाड्यांची स्पर्धाही वाढत होती. त्यामुळे घटीतला किती भाग रागाचा, हे कुणालाच नेमके मोजता येत नाही. दरम्यान १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे भारतातले पहिले दालन उघडले. उलट परिणामही होतो. २०२० साली अमेरिकेत गोया या खाद्यपदार्थ कंपनीच्या प्रमुखाने राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची स्तुती केली. विरोधकांनी बहिष्कार पुकारला तर समर्थकांनी मुद्दाम डबे विकत घेतले. काही आठवडे विक्री वाढली आणि मग सगळे पूर्ववत झाले.

भारतात राग कधी कधी मालक सोडून जाहिरातीतल्या माणसावरूनही कंपनीवर जातो. नोव्हेंबर २०१५ मध्ये अभिनेते आमिर खान यांनी देशातल्या असहिष्णुतेबद्दल चिंता व्यक्त केली, तेव्हा ते ज्या स्नॅपडीलची जाहिरात करत होते तिचे ॲप लोकांनी फोनमधून काढून टाकण्याची मोहीम चालवली. कंपनीने हात झटकले आणि पुढच्या वर्षी त्यांचा करार वाढवला नाही. आमिर खान यांनी कुणाचा अपमान केला नव्हता, स्वतःच्या घरातली काळजी बोलून दाखवली होती. त्याच २०१६ साली त्यांच्या पानी फाउंडेशनच्या स्पर्धेसाठी मराठवाड्यात गावकरी श्रमदानाला उतरले. वागणुकीवरच्या रागाची ही दुखरी बाजू आहे. कोणती वागणूक खरोखर बहिष्काराच्या लायकीची आहे आणि कोणते बोलणे केवळ बहुसंख्यांना आवडले नाही, हे तपासायला गर्दीला सवड नसते.

या तपासणीत एक रेघ ठळक ओढावी लागते. माणसाने जे केले त्याबद्दल त्याचा माल नाकारणे आणि तो ज्या जातीत किंवा धर्मात जन्मला त्याबद्दल नाकारणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एप्रिल २०२५ मध्ये पतंजलीच्या सरबताची जाहिरात करताना रामदेव यांनीच ‘शरबत जिहाद’ असा शब्द वापरला. ‘रूह अफजा’ बनवणाऱ्या हमदर्द कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने त्या वक्तव्यावर अतिशय कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली आणि चित्रफिती काढाव्या लागल्या. बनवणाऱ्याच्या धर्मावरून सरबत नाकारायला सांगणे हे पाणवठा बंद करण्याच्या जातकुळीतले आहे, मग ते कितीही आधुनिक माध्यमातून सांगितले जावो.

कायद्याच्या दृष्टीने एकट्या ग्राहकाला काय विकत घ्यावे आणि काय नाही याचे पूर्ण स्वातंत्र्य आहे आणि शांतपणे, खरी माहिती देऊन इतरांना तसे आवाहन करणे हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग मानला जातो. खोटी माहिती पसरवली तर बदनामीचा दावा होऊ शकतो; दुकानाची वाट अडवली, गिऱ्हाइकाला धमकावले, तर तो सरळ फौजदारी गुन्हा आहे. व्यापाऱ्यांनी संघटना करून एखाद्या कंपनीचा माल कुणी ठेवायचा नाही असे ठरवले, तर स्पर्धा कायदा आड येतो. गोव्यातील औषधविक्रेत्यांच्या संघटनेला अशाच प्रकारच्या दबावाबद्दल स्पर्धा आयोगाने २०१२ साली दंड केला होता. ग्राहकाला जे करता येते ते व्यापाऱ्यांच्या संघटनेला करता येत नाही, कारण एका ग्राहकाच्या नकाराने बाजार बंद होत नाही, सगळ्या दुकानांच्या नकाराने होतो.

आणि जिथे दुसरे दुकानच नाही तिथे बहिष्कार शक्यच नसतो. धाराशिवच्या ऊसकऱ्याची अवस्था अशी आहे. ऊस तोडला की तासागणिक वजन आणि साखरेचा उतारा घटतो, म्हणून तो लवकर गाळपाला जावा लागतो. महाराष्ट्रात दोन कारखान्यांत किमान २५ किलोमीटर हवाई अंतराची अट आहे, त्यामुळे आसपास पर्याय मोजकेच. समजा कारखान्याच्या चेअरमनची वागणूक एखाद्या शेतकऱ्याला सहन होत नाही. तरी फडात तुरे आलेला ऊस उभा ठेवून तो कुणावर बहिष्कार टाकणार? नुकसान त्याच्या एकट्याचेच. कायद्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत रास्त आणि किफायतशीर दर मिळायला हवा, पण ती थकबाकी अडकली की कारखान्याशी वाकडे घेणे आणखी अवघड होते. ढोकीचा तेरणा सहकारी साखर कारखाना कर्जापायी वर्षानुवर्षे बंद राहिला, तेव्हा सभासदांना आपला ऊस दुसऱ्यांच्या दाराशी न्यावा लागला. पर्याय नसण्याचा अर्थ तिथल्या घराघराला ठाऊक आहे.

मात्र सहकारी कारखान्यात शेतकऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे जी टूथपेस्ट घेणाऱ्याच्या हातात नाही. तो सभासद आहे. त्याचे भाग कितीही असोत, मत एक आहे, आणि चेअरमनइतकेच मोलाचे आहे. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० सालच्या आपल्या पुस्तकात नाराज माणसापुढच्या दोन वाटा सांगितल्या आहेत. एक, निघून जाणे. दुसरी, राहून आवाज उठवणे. बहिष्कार ही पहिली वाट. सहकारात दुसरी वाट संस्थेच्या घटनेतच लिहिलेली असते. वार्षिक सभेत उभे राहून प्रश्न विचारणे, ताळेबंद मागणे, निवडणुकीत माणूस बदलणे ही ती वाट. ती वापरली जात नाही याची कारणे सगळ्यांना माहीत आहेत. सभा दहा मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणत गुंडाळल्या जातात आणि विरोधात बोलणाऱ्याच्या उसाची तोड लांबण्याची भीती असते. तरी जिल्ह्यातल्या हजारो सभासदांकडे असलेला हा हक्क कोणत्याही समाजमाध्यमावरच्या हाकेपेक्षा प्रबळ आहे. मालक स्वतःच निवडलेला असेल तर त्याच्या वागण्याचा जाब विचारणे हे सभासदाचे कर्तव्यही ठरते.

बहिष्कार सुरू कसा करायचा याची चर्चा होते. तो थांबवायचा कसा, याची जवळजवळ होत नाही. पंचहौदाच्या ग्रामण्यात, ते कितीही अन्याय्य असले तरी, शेवट ठरलेला होता. प्रायश्चित्त घेतले की पंगत पुन्हा सुरू. २०१९ च्या हाकेत खुलासा आला तेव्हा तो पुरेसा की अपुरा हे सांगणारे कुणी नव्हते. हाक कुणी एकाने दिली नव्हती, त्यामुळे मागेही कुणी घेऊ शकले नाही. काही घरांत तो माल परत आला, काही घरांत कधीच आला नाही. मेयोतल्या कुळांनी हे जास्त नीट केले होते. त्यांची मागणी खंडाची होती आणि १८८१ साली झालेल्या जमीन कायद्याने रास्त खंड ठरवून घेण्याचा हक्क कुळांना मिळाला. त्याच वर्षी कॅप्टन बॉयकॉट आपल्या शेतावर परत आला. मजूर कामाला आले, दुकानदार माल देऊ लागले, आणि १८८६ पर्यंत तो त्याच शेजाऱ्यांत राहिला.